हरिभाऊंच्या नावाची आंघोळ

चंडीगढ, सेक्टर ३५
६ जानेवारी १९९१

श्री. मुरलीधर किरपेकर यांना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही आणि ओळखायचं काही कारणही नाही. मी प्रभावती डबीर, मूळची अमरावतीची. सगळी नोकरी लष्करी इस्पितळांत नर्स म्हणून केली आणि निवृत्त झाल्यावर इथंच राहिले. इथल्या मराठी घरांत, आणि आता पंजाबी घरांतही, माणूस जायला टेकलं की मला बोलावतात. बायका पाठीमागं मला ‘शेवटची मावशी’ म्हणतात, ते मला ठाऊक आहे. मी औषध देत नाही, मंत्र म्हणत नाही. जवळ बसते. तोंड ओलं करते, कूस बदलते, पुढं काय होणार ते घरच्यांना आधी सांगून ठेवते, म्हणजे ती घाबरत नाहीत. आणि जाणाऱ्याला काही बोलायचं असलं तर ऐकते.

तुमचे थोरले बंधू हरिभाऊ सेक्टर एकवीसमध्ये अंथरुणावर आहेत. हे शहर उभं राहत होतं तेव्हा ड्राफ्ट्समन म्हणून आले ते इथलेच झाले. त्यांना अर्धांगाचा दुसरा झटका आला आणि इस्पितळानं घरी पाठवलंय. झटक्यात पंजाबी गेली, हिंदी गेली. जन्मभर ज्या भाषेत बायकोशी भांडले, तीच पुसून गेली. उरली फक्त मराठी, आणि ती त्यांच्या बायकोला, गुरदेव कौरला, येत नाही. ‘चहा’ आणि ‘बास’ एवढे दोन शब्द तिला कळतात. बिचारी आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीकडे येऊन उभी राहिली, “कोई मराठी समझने वाला भेज दो जी.” सेक्रेटरीनं मला धाडलं.

हरिभाऊ दिवसभर एकच बोलतात. “माझ्या नावानं घरी आंघोळ झाली. मी मेलेलाच आहे. मेलेला माणूस परत कसा मरणार?” मग विचारतात, “मुरली न्हाला का? आई न्हाली का?” गुरदेव कौरनं नाक्यावर पहाऱ्याला असलेल्या एका मराठी जवानाला ‘आंघोळ’ म्हणजे काय ते विचारलं. तो म्हणाला, नहाना. झालं! तेव्हापासून ती या थंडीत रोज बादलीभर पाणी तापवून त्यांना न्हाऊ घालत होती, आणि पाणी पाहिलं की ते रडत होते. मी गेल्यावर ते थांबवलं.

तुम्ही मुरली, एवढं मला कळलं. कराडचा पत्ता त्यांनीच सांगितला, पेठेसकट. घरी त्यांच्या नावानं आंघोळ झाली होती का, आणि कोण कोण न्हालं, एवढं कळवाल का? तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवीन.

प्रभावती डबीर

---

कराड
१४ जानेवारी १९९१

प्रभावतीबाई,

आज संक्रांत आणि आज तुमचं पत्र. सणाच्या दिवशी असलं पत्र देणाऱ्या पोस्टमनचाच राग आला, पण त्याचा काय दोष.

आमचा थोरला भाऊ १९५६ साली वारला. हे आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, सांगितलं आणि आमच्या घरात नानांचा शब्द म्हणजे शब्द. त्यानंतर त्या माणसाचं नाव या घरात निघालं नाही. आता पस्तीस वर्षांनी कोण कुठली बाई मला विचारते, कोण न्हालं आणि कोण नाही! न्हाणीघरात काय डोकावायचंय तुम्हाला?

त्या बाईनं तुम्हाला पत्र लिहायला लावलं का? तिला आमच्याकडून काय हवंय? मी शाळेच्या पुस्तकांचं दुकान चालवतो, वाटणीत देण्यासारखं माझ्यापाशी काही नाही. पंजाबात रोज काय चाललंय ते पेपरात वाचतो. बस अडवून माणसं उतरवतात म्हणे. तिथं तुम्ही एकट्या बाईमाणूस लोकांच्या घरी जाऊन मरणाऱ्याच्या उशाशी बसता, याला काय म्हणावं? धंदा म्हणावं तर पैसे घेत असाल असं वाटत नाही. आणि पुण्य म्हणावं तर तुमच्या पत्रात त्याचा वासही नाही.

कृपया पुन्हा लिहू नये.

मु. ना. किरपेकर

---

चंडीगढ
२१ जानेवारी १९९१

मुरलीधरराव,

पुन्हा लिहिते आहे. तुम्ही रागावाल, पण माझ्या रोग्याकडे वेळ कमी आहे आणि तुमचा राग काय, पुढंही राहील.

गुरदेव कौरला तुमच्याकडून काहीच नको. मी तुम्हाला पत्र घातलंय हे तिला मी सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “इनका कोई है?” फाळणीत सासर आणि माहेर दोन्ही गमावून आलेली विधवा होती ती. तिला वाटत होतं की नवराही तिच्यासारखाच, मागं कुणी नसलेला. आंघोळीचं त्यांनी तिला कधी सांगितलंच नव्हतं. मूलबाळ झालं नाही. दोघंच होती.

मी काय करते ते विचारलंत म्हणून सांगते. लष्करात मी खूप पोरं जाताना पाहिली. त्यांना सगळे सांगत, “तू बरा होशील.” डॉक्टर सांगत, कर्नल सांगत, मीही सांगायची. पोरं ते ऐकून घेत आणि मग आमच्याशी बोलायचंच थांबत. ज्याला आपण मरणार हे पक्कं ठाऊक आहे, त्याच्याशी खोटं बोललं की तो एकटा पडतो. म्हणून आता माझा एकच नेम आहे. जाणाऱ्यापाशी मी खोटं बोलत नाही. बाकी शौर्य वगैरे काही नाही. नाक्यावर शिपाई पिशवी उलटीपालटी करतात, आत टॉवेल आणि कापूस निघतो. आता ओळखतात. “माताजी, किसका नंबर है?” म्हणतात मेले. संध्याकाळी अंधाराच्या आत घरी परतते, कारण नंतर रस्त्यावर कुणी राहत नाही.

हरिभाऊंचं खाणं सुटलंय. पाणी चमच्यानं घेतात. दोन्ही पाय गार पडायला लागले आहेत. मी बघितलंय त्यावरून सांगते, इथवर आलं की माणूस शांत होतो. हे होत नाहीत. तुम्ही सांगाल ते ऐकायला थांबलेत, असं मला वाटतं. कुणीतरी न्हालं नव्हतं असं ऐकायची आशा असावी.

यायला सांगत नाही. गाड्यांचा भरवसा नाही आणि तुमचं मन नाही. फक्त जे झालं ते लिहा.

प्रभावती डबीर

---

कराड
२८ जानेवारी १९९१

प्रभावतीबाई,

तुमच्या चिकाटीपुढं हात टेकले. लिहून घ्या.

नानांनी आंघोळीचं फर्मान काढलं होतं, पण प्रत्यक्षात कुणी न्हालं नाही. आईनं साफ नकार दिला. मीही न्हालो नाही. नानांचा राग दोन दिवसांत ओसरला होता, पण अभिमानापायी त्यांनी कधी पत्र लिहिलं नाही. सगळे त्याची आठवण काढत होते. असं त्याला सांगा आणि सुखानं जाऊ द्या.

मु. ना. किरपेकर

---

चंडीगढ
४ फेब्रुवारी १९९१

मुरलीधरराव,

तुमचं पत्र मी वाचून दाखवलं. वाचतानाच शंका आली होती. तुमच्या आधीच्या पत्रातला माणूस आणि या पत्रातला माणूस एक वाटेना. पण आलेलं पत्र अडवून ठेवायचा मला अधिकार नाही, म्हणून वाचलं.

हरिभाऊंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “मी तेव्हा कराडातच होतो. लग्नाचं सांगितलं तसं नानांनी दारातून हाकललं, तर मागल्या बोळात जाऊन उभा राहिलो. तुम्ही सगळे न्हालात आणि ओले कपडे दोरीवर टाकलेत. आईचं लुगडं होतं. मुरलीची खाकी चड्डी होती, ठिबकत होती. मी पाहिलं.” एवढं बोलायला त्यांना फार वेळ लागला. मग म्हणाले, “मी मेल्यावरही मुरली माझ्याशी खरं बोलत नाही.” आणि तोंड भिंतीकडे केलं.

तेव्हापासून बोलत नाहीत. मराठीतही नाही. चमचा ओठाशी नेला तर ओठ मिटतात.

माझं चुकलं ते असं की त्यांना उत्तर हवंय असं मी धरून चालले. उत्तर त्यांच्यापाशी पस्तीस वर्षं होतं. त्यांना ते तुमच्या तोंडून हवं होतं. तुमच्या चांगुलपणानं त्यांचा शेवटचा माणूस गेला. राग आलाय मला, आणि तो लपवत नाही. गोड बोलून तुम्ही स्वतःची सुटका केलीत, मुरलीधरराव.

गुरदेव कौरनं विचारलं, चिठ्ठीत असं काय होतं? मी सगळं सांगितलं. आंघोळ म्हणजे काय, तेही.  ती उठून त्यांची रजाई नीट करत म्हणाली, “पागल लोक. मैंने तो इनको ज़िंदा ही देखा है.” आणि मग रडली. मी तिला रडू दिलं.

शनिवारी बंद होता, काल रविवार, आज टपाल उघडलंय. स्पीड पोस्टानं पाठवते. लिहायचं असेल तर खरं लिहा, नाहीतर लिहूच नका.

प्रभावती डबीर

---

कराड
७ फेब्रुवारी १९९१

प्रभावतीबाई,

हे पत्र दादाला वाचून दाखवा. तुम्ही मध्ये काही बोलू नका.

दादा,

मी न्हालो. आम्ही सगळे न्हालो. नाना आधी, मग आई, मग आत्या, मग मी. माघ महिना होता. पाणी तापवायचं नाही असं नानांनी सांगितलं होतं, कारण सुतकाच्या आंघोळीला कोण पाणी तापवतं? मी बारा वर्षांचा. मला काही कळलं नाही. सगळे न्हातायत म्हणून न्हालो. दोन तांबे घेतले आणि दातावर दात आपटायला लागले. नाना म्हणाले, “डोक्यावरून घे.” मग डोक्यावरून घेतलं.

चड्डी मीच पिळली होती. मला नीट पिळता यायची नाही, म्हणून ठिबकत होती. तू बोळात होतास हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर काय केलं असतं ते सांगता येत नाही. मोठ्या बाता मारत नाही. नानांना मी टरकून होतो.

मग आम्ही जेवायला बसलो. आईनं पिठलं-भात केला होता. मी विचारलं, “आई, दादा कशानं मेला?” नाना पानावर होते. आई वाढत होती. तिनं हातातली पळी खाली ठेवली आणि मला कानाखाली अशी वाजवली की मी पाटावरून खाली पडलो. “मेलं तुझं तोंड,” म्हणाली. “माझा लेक धडधाकट आहे. पुन्हा असलं बोललास तर जीभ डागीन.” नानांच्या देखत! त्यांचा घास हातात तसाच राहिला.  मग जेवून उठून गेले. ती न्हाली होती दादा, सगळ्यांसारखीच. केस ओले होते तिचे तेव्हा. पण मार मला पडला.

त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही. आई गेली तेव्हा तुला कळवायचं माझ्या मनात आलं होतं. नाना जिवंत होते. मी कळवलं नाही. नाना गेल्यावर कळवता आलं असतं. तेव्हाही कळवलं नाही, कारण इतक्या वर्षांनी काय तोंडानं लिहायचं? मागच्या पत्रात खोटं लिहिलं ते तुझ्यासाठी नव्हतं. प्रभावतीबाई म्हणतात ते बरोबर आहे.

तू मला मसूरच्या जत्रेत खांद्यावर घेतलं होतंस आणि मी तुझ्या टोपीत ओकलो होतो. तू कुणाला सांगितलं नाहीस. उगाच आठवलं म्हणून लिहिलं.

मुरली

---

चंडीगढ
१५ फेब्रुवारी १९९१

मुरलीधरराव,

तार मिळाली असेल. इथं तारघरापर्यंत पोचायला मला दुसरा दिवस उजाडला, म्हणून तारही उशिराच आली असेल. हरिभाऊ बुधवारी सकाळी गेले. आता सविस्तर लिहिते.

तुमचं पत्र सोमवारी आलं. त्यांचा श्वास लांबला होता, मध्ये थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. याचा अर्थ मी गुरदेव कौरला सांगून ठेवला होता. ती त्यांचे तळवे चोळत बसली होती. मी वाचायला सुरुवात केली. तोंड भिंतीकडेच होतं. ऐकतायत की नाही ते कळेना, पण ऐकणं सगळ्यात शेवटी जातं, म्हणून वाचत गेले. तुम्ही सांगितलंत तसं मध्ये बोलले नाही.

आईनं मारल्याचं आलं तशी मान वळली. किती दिवसांनी! म्हणाले, “परत वाच.” मी परत वाचलं. “कुठल्या कानाखाली?” मी म्हटलं, ते लिहिलं नाही. “उजव्या,” ते म्हणाले. “आई डावखुरी.” आणि अर्ध्या तोंडानं हसले. अर्धं तोंडच चालत होतं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते गुरदेव कौरनं ओढणीनं टिपलं. “क्या लिखा है, क्या लिखा है?” करत होती. मी सांगितलं, “इनकी माँ ने कहा था, मेरा बेटा ज़िंदा है.” ती म्हणाली, “वो तो मैं भी कह रही हूँ इतने दिन से!”

टोपीचं ऐकून म्हणाले, “नवी टोपी होती हरामखोराची.” म्हणजे टोपी त्यांची, हरामखोर तुम्ही.

त्यानंतर दोन दिवस ते माणसासारखे होते. चार चमचे दूध घेतलं. गुरदेव कौरशी मराठीत बोलत होते आणि ती पंजाबीत उत्तर देत होती. मी मध्ये पडले नाही. मला वाटलं होतं माझी गरज दुभाषी म्हणून आहे. त्या दोन दिवसांत मी फक्त कापूस बदलायचं काम केलं. ‘मी मेलेलाच आहे’ हे एकदाही म्हणाले नाहीत. मंगळवारी मला म्हणाले, “आता जाईन म्हणतो.” मी म्हटलं, “जा.”

बुधवारी सकाळी ती त्यांच्या ग्रंथातला सुखमनीचा पाठ वाचत होती, मी त्यांचा हात धरून होते. एक श्वास आला आणि पुढचा आला नाही. मी तिला वाचणं संपवू दिलं, मग सांगितलं. त्रास नाही झाला. हे मी सांत्वनासाठी लिहीत नाही. मी तसं लिहीत नाही, हे तुम्हाला आता माहीत आहे. अग्नी तिनंच दिला. गुरुद्वाऱ्यातले ग्रंथी नको म्हणाले नाहीत.

तुमच्यासाठी निरोप आहे. मंगळवारी दोनदा बजावलं, म्हणून त्यांच्याच शब्दांत देते. “मुरलीला सांगा, मी गेल्याचं कळलं की परत न्हाऊ नको म्हणावं. एकदा न्हाला तेवढं पुरे. माघातलं पाणी फार गार असतं.”

माझं काम इथं संपलं. तरी गुरदेव कौरकडे तेरा दिवस जाईन. माणूस गेल्यावर घरात जे उरतं त्याच्यापाशीही कुणी बसावं लागतं.

प्रभावती डबीर

---

कराड
२१ फेब्रुवारी १९९१

प्रभावतीताई,

तार शुक्रवारी आली. दुकान अर्धं उघडं होतं, ते तसंच लावून घेतलं. आमच्या गजाननभटजींना विचारायला गेलो. ते म्हणाले, सुतक नाही, आंघोळ नाही, दहावं नाही. तुमच्या वडिलांनी त्यांचं सगळं छप्पन सालीच केलं. माणूस दोनदा मरत नसतो, मुरलीधरपंत. मी म्हटलं, “बरोबर आहे तुमचं. दोनदा मरत नाही. म्हणून तर आलोय.” त्यांना कळलं नाही. समजावत बसलो नाही.

घरी आलो आणि परसात उभा राहून गार पाण्यानं न्हालो. तुमचं पत्र तेव्हा यायचं होतं. आज आलं आणि निरोप वाचला. परत न्हाऊ नको म्हणे! तो कोण मला सांगणारा? लहानपणी त्याचं एक ऐकलं नाही, आता ऐकू? पस्तीस वर्षांपूर्वी न्हालो ते नानांच्या शब्दाखातर. हे माझ्या भावासाठी. डोक्यावरून घेतलं. कुणी सांगावं लागलं नाही. आणि मग तिथंच परसात ओल्यानं बसून रडलो. बायकोनं टॉवेल आणला तर तिच्यावर खेकसलो. मग तिची माफी मागितली. सगळं उलटंपालटं झालंय माझं.

दहा दिवस सुतक पाळतोय. गल्लीत कुजबुज आहे. म्हातारी मंडळी येऊन विचारतात, “कोण गेलं हो?” मी सांगतो, “थोरला भाऊ, हरिभाऊ.” “अहो, ते तर केव्हाच गेले ना?” मी म्हणतो, “नाही. परवा बुधवारी गेला.” त्यांच्या तोंडावर जे उमटतं ते बघायला नाना असायला हवे होते.

वहिनींना माझा नमस्कार सांगा. हो, वहिनींना. त्यांना मराठी येत नाही आणि मला पंजाबी येत नाही. गाड्या सुरळीत झाल्या की मी येईन, आणि नाही झाल्या तरी येईन. बोलता आलं नाही तर नुसता बसेन. तुमच्या पत्रांवरून एवढं समजलंय की तेही चालतं.

आमच्या पेठेत चौकात एक फळा आहे. कुणी गेलं की त्याच्यावर नाव आणि वय लिहितात, म्हणजे ज्याला यायचंय तो येतो. शनिवारी सकाळी मी स्वतः खडू घेऊन गेलो. नाव लिहिलं. वय लिहायला हात उचलला आणि थांबलो. नानांच्या हिशोबानं तो तिसाव्या वर्षी गेला होता. मागं चहाच्या टपरीवरची माणसं बघत उभी होती.

मी पासष्ट लिहिलं.

तुमचा,
मुरलीधर